घरात माणसं किती?

बर्नाडीन ओस्ट्रोव्स्की खुर्चीत पाठ टेकून बसलेली मी अकरा वर्षांत पाहिली नाही. ती कडेला बसायची, कुणी हाक मारली तर उठायला बरं म्हणून. इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घालून तिच्या हातांना दुसरं काही सुचत नसे. समोर कापड नसलं तर कागदी रुमाल, तो संपला की वर्तमानपत्र. स्टॅनच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, अंत्यविधीला पाद्री बोलत असताना तिनं प्रार्थनेचा छापील कागद घड्या घालून घालून टपालाच्या तिकिटाएवढा केला. मी शेजारी उभा होतो. रंगमंचावर रडण्याचे मी आयुष्यभर पैसे घेतलेत, पण त्या दिवशी फुकट रडलो.

मी त्या घरात कसा आलो ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढची कटकट कळायची नाही.

तरुणपणी मी तंबूतल्या नाटक कंपन्यांतून फिरलो. उन्हाळाभर गावोगाव तंबू ठोकायचा, सहा दिवसांत सहा नाटकं करायची आणि सातव्या दिवशी ट्रक भरायचा. आमच्या मालकीणबाईंचा एक नियम होता. ट्रक हलण्याआधी त्या ज्या ज्या घरी नट उतरले असतील त्या प्रत्येक घरी जाऊन विचारायच्या, "आमच्या माणसानं खोलीचे पैसे चुकते केले का?" नाही म्हटलं की तो नट तिथंच रस्त्यावर राहायचा. जेवला नाहीस तरी चालेल, झोपलास त्या खाटेचे पैसे देऊन नीघ. हे माझ्या हाडात मुरलं. पुढे तंबू गेले. मी हमरस्त्यालगतच्या नाट्यगृहांत कामं करू लागलो. तिथं लोक भाजलेलं मांस खात खात नाटक बघतात आणि नटाच्या वाक्यात काटे-चमच्यांचा आवाज मिसळतो. राजे आणि बटलर या दोनच भूमिका मला मिळायच्या. एरी शहराजवळच्या अशाच एका नाट्यगृहाला मालकानं भर जानेवारीत कुलूप घातलं आणि आमचे तीन आठवड्यांचे पैसे घेऊन तो फ्लोरिडाला गेला.

स्टॅन आठवडाभर रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात असायचा आणि शुक्रवार-शनिवार आमचे दिवे सांभाळायचा. त्यानं माझ्या दोन ट्रंका आपल्या गाडीत टाकल्या. "बर्फ वितळेपर्यंत राहा," म्हणाला. बर्नाडीन दारात सपाता घालून उभी.

"हे कोण आणलंस?"

"राजा आहे," स्टॅन म्हणाला. त्या आठवड्यात मी राजाच होतो.

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मग महाराज, बूट बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय."

तेव्हापासून मी महाराज. महाराज, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवा. महाराज, दाढीचे केस बेसिनमध्ये तसेच आहेत. बर्फ वितळलं, पुन्हा पडलं, अकरा वेळा. पण फुकट मी एक महिनाही राहिलो नाही. म्हणजे तसं मी समजत होतो.

पेन्शनमधून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चारशे डॉलरचा चेक. मी कोट घालून माडीवरून खाली यायचो आणि चेक साखरेच्या भांड्याखाली सरकवायचो. बर्नाडीन एप्रनला हात पुसून पावतीपुस्तक काढायची, मधे कार्बन घालायची आणि लिहायची: लेलँड प्रूइट यांजकडून माडीवरच्या खोलीचे भाडे, चारशे डॉलर फक्त. सगळ्या पावत्या मी ट्रंकेत जुन्या जाहिरातींबरोबर ठेवल्यात. मालकीणबाई कबरीतून उठून आल्या असत्या तरी मी दाखवू शकलो असतो.

चार वर्षांपूर्वी स्टॅन फुप्फुसाच्या आजारानं गेला. विम्यानं दिलं ते दिलं. उरलेलं बिल बर्नाडीननं क्रेडिट कार्डांवर चढवलं. त्याच हिवाळ्यात घर गरम करायची भट्टी फुटली, तीही कार्डावर. एक कार्ड भरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. होता होता एकसष्ट हजार डॉलर झाले. ती ओव्हरटाइम करायला लागली. दोन्ही मनगटांना पट्टे बांधून जायची आणि यायची तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. वय एकसष्ट. संध्याकाळी जेवताना फोन वाजायचा. ती उचलायची आणि न बोलता परत ठेवायची, जशी उकळी आलेल्या भांड्यावर झाकण ठेवावं. नाताळानंतर एका कार्डवाल्यानं दावा लावला. शेरिफचा माणूस दारात कागद देऊन गेला. त्यावर फेब्रुवारीअखेरची तारीख होती.

"संपलं," बर्नाडीन म्हणाली. "दिवाळं काढते."

वकिलाच्या ऑफिसात वकील आम्हाला दहा मिनिटं भेटले. खरं काम मिर्सादा करायची. बोस्नियातून लहानपणी आईबापांबरोबर पळून आलेली, आता पस्तिशीची, केसांत दोन पेन्सिली खोचलेली बाई. एक हरवली तरी दुसरी असावी म्हणून. तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. दिवाळखोरीच्या कायद्यात दोन रस्ते. सातव्या प्रकरणात गेलं की कर्ज पुसलं जातं, घर राहतं, माणूस मोकळा. पण ते ऐपत नसलेल्यांसाठी. ऐपत आहे असं ठरलं तर तेरावं प्रकरण. म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला कोर्टाच्या विश्वस्ताकडे पैसे भरायचे.

"आणि हप्ता ठरणार तुमच्या आत्ताच्या कमाईवर," मिर्सादा म्हणाली. "ओव्हरटाइम धरून."

बर्नाडीननं आपल्या मनगटांकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. पाच वर्षं ओव्हरटाइम म्हणजे सहासष्ट. त्या हातांनी तोवर चमचा तरी धरवला असता का?

"पहिला प्रश्न," मिर्सादानं पेन्सिल काढली. "घरात माणसं किती?"

"एक," बर्नाडीन म्हणाली.

मिर्सादानं माझ्याकडे पाहिलं. मी बर्नाडीनच्या शेजारीच बसलो होतो, मफलर, काठी सगळं घेऊन. "आणि हे?"

"ते भाडेकरू."

मग मी जे केलं ते आठवलं की अजून कान तापतात. कुणी मागितलं नव्हतं. मी कोटाच्या आतल्या खिशातून सहा महिन्यांच्या पावत्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला, तिसऱ्या अंकात मृत्युपत्र काढून ठेवतात तसा. "दर महिन्याला चारशे," मी म्हणालो. "एकदाही उशीर नाही."

मिर्सादानं पावत्या मोजल्या. तिचा चेहरा उतरला. "हे उत्पन्नात धरावं लागेल."

सहा महिन्यांची सरासरी निघाली. पगार महिन्याला साडेचार हजार, वर माझे चारशे. वर्षाचे अठ्ठावन्न हजार आठशे. आमच्या राज्यात एकट्या माणसाची मधली कमाई तेव्हा एकोणपन्नास हजारांच्या आसपास धरत; त्याच्या आत असलं तरच सातवं प्रकरण सरळ मिळायचं. पहिल्या दारातच बर्नाडीन अडली.

"म्हणून आता लांबलचक फॉर्म," मिर्सादा म्हणाली. "यात कमाईतून खर्च वजा करायचे. पण तुम्ही करता ते नाही, सरकार चालवून घेतं ते. बरेच आकडे तक्त्यातूनच येतात. अन्न, कपडे, साबण, किरकोळ. एकट्या माणसाला इतके."

"कपड्यांना किती?" बर्नाडीननं विचारलं.

मिर्सादानं आकडा सांगितला.

"दर महिन्याला? अगं पोरी, स्टॅनच्या अंत्यविधीनंतर मी मोजेसुद्धा घेतले नाहीत."

"तरी मिळतात. न वापरता मिळतात."

"मग ते जेवणात टाक. जेवणाला हा आकडा कमी पडतो."

"जेवणाला कमी का पडतो? तुम्ही एकट्याच ना?"

बर्नाडीननं पटकन समोरचं माहितीपत्रक उचललं आणि त्याची घडी घालायला लागली. "मला भूक फार लागते," ती म्हणाली. बर्नाडीन, जी उभ्या उभ्या अर्धा ब्रेड खाऊन कामावर जाते! मी हसलो. मला तो विनोद वाटला.

घर, वीज, गॅस. गाडीचा हप्ता संपलेला, म्हणून गाडी चालवण्याचा तेवढा खर्च. कर, आरोग्यविमा, युनियनची वर्गणी. चर्चला देते ते धरतात हे कळल्यावर बर्नाडीन खूश झाली. पण ती दर रविवारी दानाच्या ताटात सुटी नोट टाकायची, पाकिटावर नाव न घालता. "देवाला पावती कशाला?" मिर्सादानं सुस्कारा सोडला आणि तिथं शून्य घातलं. शेवटी सगळं वजा करून उरले तेवढ्यानं बर्नाडीन दुसऱ्या दारातही अडली. महिन्याला मर्यादेपेक्षा सत्तर डॉलर जास्त उरत होते.

"सत्तर?" मी ओरडलो. "सत्तर डॉलरसाठी पाच वर्षं?"

"ओव्हरटाइम बंद करून तीन-चार महिने थांबता आलं असतं तर सरासरी खाली आली असती. पण दाव्याची तारीख थांबत नाही. घरी जाऊन शोधा. काही राहिलं असेल. डॉक्टर, औषधं, कुणा म्हाताऱ्या-आजाऱ्याला नेहमीची मदत. पावत्या हव्यात. सोमवारी चारला या."

बर्नाडीन उठलीच होती. टेबलावर त्या माहितीपत्रकाची काडेपेटीएवढी घडी पडून होती.

शनिवारी ती ओव्हरटाइमला गेली. बाहेर एरी सरोवरावरून बर्फ येत होतं, आडवं, थांबायचं नाव नाही. जाताना बजावून गेली, "पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. तेवढ्याच लावा. बाकी कपाटं उचकू नका, मला नंतर काही सापडत नाही."

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पावत्या तारखेनं लावल्या. मला बसवेना. खिडकीशी गेलो, परत आलो, बेरीज केली. पुन्हा खिडकीशी. दंतवैद्याचे पंचेचाळीस, ते तक्त्याच्या आकड्यातच बसत होते. चष्म्याची काच, तीही बसत होती. सत्तर कुठून आणू? कॉफी केली आणि प्यायलो नाही. माझे चारशे नसते तर ही केव्हाच त्या दारातून आत गेली असती, हे मला एव्हाना कळलं होतं. घशात अडकलेल्या काट्यासारखं ते टोचत होतं. माझा मान तिच्या पायात आला होता.

म्हणून मी कपाटं उचकली. फळीवर, मागच्या बाजूला, स्टॅनचा पत्र्याचा जेवणाचा डबा होता. स्टॅननं एखादं बिल त्यात ठेवलं असेल म्हणून उघडला.

आत औषधाच्या दुकानाच्या पावत्या. रबर लावलेल्या, महिन्याप्रमाणे. हृदयाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, श्वासाचा फवारा. प्रत्येकीवर नाव: प्रूइट, लेलँड. प्रत्येकीवर पैसे भरणारीची सही: बी. ओस्ट्रोव्स्की.

माझी औषधं बर्नाडीनच कामावरून येताना आणायची. सरकारी विमा सगळं देतो, आपल्याला फक्त चार डॉलर पस्तीस सेंट पडतात, असं तिनं मला सांगितलं होतं. औषधांसाठी विम्याचा वेगळा भाग घ्यावा लागतो हे मला माहीतच नव्हतं. मी तो कधी घेतलाच नव्हता. दर महिन्याला मी तिला ऐटीत पाच डॉलरची नोट द्यायचो आणि हात पुढे करून उभा राहायचो. ती पासष्ट सेंट सुटे परत द्यायची. मी ते मोजून घ्यायचो.

ऑगस्ट ते जानेवारी बेरीज केली, दर महिन्याचे माझे चार पस्तीस वजा करून. दोन हजार चारशे बारा. माझं सहा महिन्यांचं भाडं दोन हजार चारशे. वरचे बारा डॉलर तिनं पदरचे घातले होते.

मी खूप वेळ येरझाऱ्या घातल्या. फरशीवर माझ्या काठीचे ठसे उमटले असतील. आधी राग आला, तिचा. मग माझा. मग आठवलं की तिनं अन्नाचा आकडा कमी पडतो म्हटलं आणि मी हसलो होतो. रोज रात्री दोन ताटं वाढली जातात, त्यातलं दुसरं कुणाच्या पैशाचं होतं?

ती आली तेव्हा अंधारून आलं होतं. बुटांवर बर्फ, हातात चर्चच्या तळघरातून आणलेल्या पिरोगींची पिशवी. बायका दर आठवड्याला बटाट्याचं सारण भरून करतात त्या. तिनं टेबलावरचा डबा पाहिला आणि पिशवी तशीच हातात राहिली.

"उचकू नका म्हणाले होते ना?"

"सत्तर डॉलर शोधत होतो."

"सापडले?"

"चारशे सापडले."

ती कोट न काढता खुर्चीच्या कडेला बसली आणि लगेच उठली. पिरोगी पातेल्यात टाकायला गेली, पाणीच ठेवलं नव्हतं. "हे मिर्सादाला द्यायचं नाही," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

"का नाही? तीच म्हणाली, म्हाताऱ्या-आजाऱ्याला मदत..."

"घरच्या म्हाताऱ्याला, महाराज! नाही तर नात्यातल्या. मी त्या दिवशीच तिच्या टेबलावरचा कागद उलटा वाचला. भाडेकरूची औषधं कुणी देत नाही. म्हणजे मला लिहून द्यावं लागेल की तुम्ही भाडेकरू नाही. तुम्ही माझ्या..." पुढचा शब्द तिला सापडेना. तिनं ओट्यावरचं फडकं उचललं. घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"तुझ्या जिवावर जगतो," मी म्हणालो.

"हे बघा. लगेच नाटकी बोलू नका. पहिल्या तारखेला तुम्ही जिना वेगळा उतरता, ठाऊक आहे? एरवी काठी खरडत येता. पहिल्या तारखेला ठक, ठक, ठक. स्टॅन गेल्यावर त्या महिन्यात मी नुसती इथं उभी असायचे. तुमचा तो आवाज आला तेव्हा म्हटलं, चला, पहिली तारीख आली, पावतीपुस्तक काढायला हवं. मला तो जिना तसाच हवाय. पाच वर्षं काय, भरीन मी. नाही तरी घरी बसून काय करणार?"

"चमचा धरता येणार नाही तुला."

"तुम्ही भरवा." ती हसली, पण फडकं हातात तसंच होतं. "सोमवारी तुम्ही यायचं नाही. घरी बसायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. नटाच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला ही तिची चूक.

सोमवारी ती गाडी घेऊन साडेतीनला गेली. मी पाच मिनिटं घरी थांबलो. कोट घातला, डबा मफलरमध्ये गुंडाळला आणि बस पकडली. बसमध्ये मी भाषण तयार केलं. छान होतं. सुरुवात हळू, मधे एक विराम, शेवटी आवाज चढता. स्टॉपपासून ऑफिसपर्यंत दोन गल्ल्या फुटपाथ साफ केलेला नव्हता. मी दोनदा घसरलो, आणि दार ढकललं तेव्हा मला एक वाक्यही आठवत नव्हतं. धाप लागली होती. नाकातून पाणी येत होतं. सत्तावन्न वर्षांच्या कारकिर्दीतला माझा सर्वांत वाईट प्रवेश.

बर्नाडीन पेन हातात घेऊन बसली होती. समोर तेराव्या प्रकरणाचे कागद.

"अरे देवा," ती म्हणाली.

"थांब. सही करू नको," मी म्हणालो आणि डबा मिर्सादापुढे ठेवला. "माझी औषधं ही घेते. मला ठाऊक नव्हतं. मी हिच्या घरी जेवतो. अकरा वर्षं. भाडेकरू नाही मी."

"मिर्सादा, ते नट आहेत," बर्नाडीन म्हणाली. "त्यांचं काय ऐकतेस? आमच्याकडे आले तेव्हा ते राजा होते."

"पावत्या नट नाहीत," मिर्सादा म्हणाली. ती एकेक उलटत होती. मग तिनं दोन्ही पेन्सिली काढून ठेवल्या. "मी विचारते, तुम्ही फक्त उत्तर द्या. भाषण नको, महाराज." तिनंही तेच म्हटलं, बर्नाडीनकडून ऐकून. "तुमच्या खोलीला कुलूप आहे?"

"दारच नीट लागत नाही. स्टॅन दुरुस्त करणार होता."

"फ्रिजमध्ये तुमचा वेगळा कप्पा?"

"लोणच्याची बाटली माझी आहे," मी म्हणालो. "पण ती खाते."

"ते खोटं आहे," बर्नाडीन म्हणाली.

"बर्फ कोण काढतं दारातलं?"

"पायऱ्यांवरचं मी. पुढचं ती. माझ्या छातीमुळे."

"कॉफी कोण आणतं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ज्याला दिसेल संपली तो," बर्नाडीन म्हणाली.

"यांना इस्पितळात नेलं तर कागदावर कुणाचं नाव?"

बर्नाडीननं पेन खाली ठेवलं. गेल्या वर्षी मला नेलं तेव्हा नाव तिचंच होतं.

"म्हणजे चूल एक," मिर्सादा म्हणाली. "एरीत आलो तेव्हा आम्ही तीन खोल्यांत अकरा जण होतो. त्यातले चार आमच्या रक्ताचे नव्हते. सरकारी बाई विचारायची, कुटुंब किती? आई म्हणायची, भांडं एक आहे, तुम्हीच मोजा." तिनं पहिलं पान परत काढलं. "फक्त झोपायला एका छपराखाली असणं पुरत नाही. पण एकमेकांच्या पैशावर घर चालत असेल तर मोजता येतं. वकीलसाहेबांना दाखवते. तुमचे चारशे उत्पन्नात राहणारच, ते मी लपवणार नाही. पण माणसं दोन."

तिनं 'एक' खोडून 'दोन' लिहिलं आणि तक्त्यात दुसरी ओळ पाहिली. दोघांच्या घराची मधली कमाई साठ हजारांच्या आसपास. बर्नाडीनचे अठ्ठावन्न हजार आठशे. लांबलचक फॉर्मची गरजच राहिली नाही. कपड्यांचा आकडा, अन्नाचा आकडा, सगळं बाजूला.

"बाराशेनं आत," मिर्सादा म्हणाली. "पण विश्वस्त शपथेवर विचारतील, आणि तुम्हाला, महाराज, लिहून द्यावं लागेल."

तिनं टाइप करून कागद आणला. मी वाचला. 'लेलँड प्रूइट हे अर्जदाराच्या आधारावर राहतात.' साधं वाक्य. मी याहून वाईट वाक्यं शेकडो प्रेक्षकांसमोर म्हटली आहेत. चाबकाचे फटके खाल्लेत, गुडघ्यावर बसून क्षमा मागितली आहे. पेन उचललं. टोक ओळीवर टेकवून तसंच धरलं. मालकीणबाईंचा ट्रक सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"हे चूक आहे," बर्नाडीन म्हणाली.

"कुठे?" मिर्सादानं विचारलं.

"आधारावर म्हणे. चारशे ते देतात. चारशे दोन, कधी चारशे तीन मी देते. मोजून बघ, तुझ्यासमोर आहे. स्टॅन आजारी असताना रात्रपाळीला मी गेले की त्याला कोण उठवायचं, कोण पुसायचं? पायऱ्यांवरचं बर्फ कोण काढतं? 'एकमेकांच्या' लिही. 'एकमेकांच्या आधारावर.' नाही तर मी शपथ घेणार नाही. खोटं कसं बोलू?"

मिर्सादानं दोन्ही पेन्सिली केसांत परत खोचल्या. मग कागद घेऊन आत गेली. परत आली तेव्हा वाक्य बदललेलं होतं. मी सही केली. जाहिरातींवर करायचो तशी, शेपटीसकट, ओळीबाहेर गेलेली. मिर्सादानं आणखी एक फॉर्म माझ्या हातात दिला. औषधांच्या विम्याचा. कमी पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना त्यात मदत मिळते. "हे अकरा वर्षांपूर्वी करायचं होतं," ती म्हणाली. "स्वाभिमान बाजूला ठेवून."

मार्चच्या शेवटी विश्वस्तांसमोर हजेरी होती. सरकारी इमारतीतली खोली, कोट मांडीवर घेऊन बसलेली तीसेक माणसं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बर्नाडीनचा नंबर येईपर्यंत ती चार वेळा पाणी प्यायली, दोनदा बाहेर जाऊन गाडीचं मीटर बघून आली. विश्वस्त पडसं झालेले, घाईत असलेले गृहस्थ होते. शपथ दिली. घर, गाडी, बँक. मग पान उलटलं आणि थांबले.

"तुम्ही विधवा. मुलं नाहीत. घरात माणसं दोन. दुसरं कोण?"

मी मागच्या रांगेत होतो. माझी काठी हातातून निसटून खाली पडली, तिचा आवाज सगळ्या खोलीत गेला.

"ते," बर्नाडीन मागे न बघता म्हणाली. "काठी पाडली ते."

"नात्यानं कोण?"

"नात्यानं कुणी नाहीत. आमच्या घरचे आहेत."

विश्वस्तांनी माझा कागद वाचला. नाक पुसलं. औषधांच्या पावत्या उलटल्या, एक, दोन, पुढच्या भराभर. बर्नाडीनच्या हातात काही नव्हतं, तर ती हातमोज्याची घडी घालत होती. "हरकत नाही," ते म्हणाले. "पुढचे."

जूनमध्ये कोर्टाचं पाकीट आलं. बर्नाडीननं ते उभ्यानंच फोडलं, वाचलं, मला वाचायला दिलं आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. सगळं कर्ज पुसलं गेलं होतं. त्या आठवड्यापासून ओव्हरटाइम बंद. मनगटांचे पट्टे अजून आहेत, पण कप ती आता एका हातानं धरते. फोन वाजला तर उचलून बोलते. बहुतेक वेळा चर्चच्या बायका असतात.

जुलैच्या पहिल्या तारखेला मी कोट घातला. जिन्याच्या वरच्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. मग उतरलो. ठक, ठक, ठक. चेक साखरेच्या भांड्याखाली सरकवला. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू द्या.

तिनं एप्रनला हात पुसले आणि पावतीपुस्तक काढलं. नवीन होतं, जुनं संपलं होतं. कार्बन घातला. लिहिलं, फाडलं, माझ्या पुढ्यात ठेवलं. लेलँड प्रूइट यांजकडून, घरखर्चातला वाटा, चारशे डॉलर फक्त.

"आणि औषधाचे?" तिनं हात पुढे केला.

नव्या विम्यात आता औषधाला जवळजवळ तेवढेच पडतात, तिनं थाप मारली होती तेवढे. मी पाच डॉलरची नोट दिली. "सुटे ठेव," मी म्हणालो, राजासारखा.

"हिशेब म्हणजे हिशेब, महाराज." तिनं सुट्या पैशांच्या भांड्यातून पासष्ट सेंट काढले, माझ्या तळहातावर एक-एक ठेवले, खुर्चीच्या कडेला टेकली, आणि वॉशिंग मशीन थांबल्याचा आवाज आला म्हणून लगेच उठली.